आमचं मंत्रिमंडळ दर दिवाळीनंतर पडतं

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद प्रशाला, जिल्हा बीड.
(गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.)

विषय : शालेय मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री म्हणून माझी मुदत संपल्याबाबत, आणि आई-बापांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या यादीबाबत.

आदरणीय अध्यक्ष काका, सदस्य काका-काकू, सर आणि बाई,

18 मार्चला भूगोलाचा पेपर झाला आणि माझी दहावी संपली. निकाल अजून लागायचाय, त्यामुळे गावात मला कुणी हुशार म्हणत नाही आणि ढ पण म्हणत नाही. लिहायला हीच वेळ बरी.

निरोप समारंभात मी जे भाषण केलं ते माझं नव्हतं. बाईंनी लिहून दिलं होतं. गेल्या वर्षीच्या मुख्यमंत्र्यानंही तेच केलं होतं, फक्त मधलं साल बदललं. त्यात पाखरं होती, घरटं होतं, शाळा नावाची दुसरी आई होती. बोलताना मला रडू आलं आणि ते रडू खरं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या अख्ख्या भाषणात ऊस नव्हता. आपल्या प्रशालेबद्दल सात मिनिटं बोलायचं आणि उसाचं नाव निघू द्यायचं नाही, हे कसं जमलं याचं मला घरी आल्यावर नवल वाटलं. तेव्हा राहिलेलं आता लिहिते. खुलं लिहिते, कारण पाकिटातलं पत्र कपाटात जातं हे मी स्वतः पाहिलंय.

जुलैत आमची निवडणूक झाली. सरांनी दोन मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप टाकलं. एक मोबाइल त्यांच्यापाशी, दुसरा पुठ्ठ्याच्या आडोशाला. बोट दाबलं की लांब शिट्टी वाजायची, आणि पाचवीतली पोरं ती शिट्टी ऐकायला परत रांगेत घुसायची. शाई म्हणून मार्कर. माझं चिन्ह पाटी, समोरच्या मुलाचं बॅट. बॅटीसमोर पाटी निवडून आली यावर अजून काही जणांचा विश्वास बसलेला नाही. 13 जणांचं मंत्रिमंडळ झालं. शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, पाणी, क्रीडा, सहल वगैरे. सहलमंत्र्याला वर्षभर काम नव्हतं कारण सहल निघालीच नाही, पण शपथ त्यानंच सगळ्यात मोठ्यांदा घेतली होती.

मुख्यमंत्र्याचं काम काय? परिपाठाला सावधान-विश्राम. केंद्रप्रमुख आले की गुलाबाचं फूल. खिचडीच्या वेळी लहान मुलांची रांग. पाहुण्यांना फूल देताना फोटो निघतो, त्यात मी वर्षभरात इतक्या वेळा आहे की आजी म्हणाली, तुझं लग्न लागलंय का फुलांशी.

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. त्याच दिवशी बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली, ती आम्ही सरांच्या मोबाइलवर पाहिली. क्रीडामंत्री म्हणाला, ‘‘चला, आता कारखान्याला रेल्वेनं जायचं.’’ सगळे हसले. त्याच महिन्यात पुढं पाऊस किती झाला ते तुम्हाला सांगायला नको. सोयाबीन उभ्या जागी सडलं, कापसाची बोंडं काळी पडली, नदीकाठच्या रानातली तर मातीच गेली. दोन-तीन वर्षांपासून ज्यांनी कोयता आढ्याला खोचून ठेवला होता, त्या घरांनीही मुकादमाचं, म्हणजे तोडणीची टोळी जमवणाऱ्याचं, दार गाठलं. क्रीडामंत्र्याचं घर त्यातलंच.

दसरा झाला की गावात ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, कोपीला (फडाजवळच्या झोपडीला) लागणारे बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. यंदा 1 नोव्हेंबरपासून गाळप म्हणून जाहीर झालं, त्यामुळे कितीतरी घरांची भाऊबीज ट्रॅक्टरच्या चाकाशी उभ्याउभ्या झाली. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा 13 मंत्र्यांपैकी 6 नव्हते. तिघं कोल्हापूरकडं, एक सांगलीला, दोघं कर्नाटकात. मुंबईत मंत्रिमंडळ पडतं तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच चालतं. आमचं दरसाल पडतं, आणि परिपाठाच्या रांगा तेवढ्या आखूड होतात.

डिसेंबरात मी एक चूक केली. ती इथे लिहायलाच हवी, नाहीतर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही. बैठकीत कुणीतरी म्हणालं, क्रीडामंत्री दीड महिना गैरहजर आहे, क्रीडा स्पर्धा तोंडावर आल्यात, खातं दुसऱ्याला द्या. मी दिलं. दुसऱ्या दिवशी परिपाठात जाहीर केलं, टाळ्या झाल्या. रविवारी त्याचा फोन आला. उसाच्या फडातून, मागं ट्रॅक्टरचा आवाज. त्याला गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, ‘‘मी राजीनामा दिला नव्हता.’’ मग म्हणाला, गणित भाग दोनचं कुठवर आलंय ते सांग.

मी सांगितलं. सांगताना लक्षात आलं, की तो कुठल्या कारखान्यावर आहे हे मला माहीत नाही. वर्गशिक्षकांनाही नव्हतं. हजेरीपटावर नुसत्या गैरहजेरीच्या खुणा होत्या.

त्या दिवसापासून आम्ही वही सुरू केली. दोनशे पानी, लांब. प्रत्येक जाणाऱ्या मुलाची एक ओळ : नाव, इयत्ता, कुठला कारखाना, टोळीतल्या कुणाचा मोबाइल लागतो, घरी मागं कोण आहे, धडा कुठवर झाला होता, भावंडं किती आणि त्यांत सगळ्यात लहान केवढं. शेवटचा रकाना : परत आला/आली. दर शनिवारी राहिलेले मंत्री एकेक फोन लावायचे. माझ्या मते वर्षभरात मंत्रिमंडळानं केलेलं खरं काम हे एवढंच. त्याचा फोटो निघाला नाही, ते बरंच झालं.

‘सगळ्यात लहान केवढं’ हा रकाना आरोग्यमंत्रीमुळं आला. ती आठवीतली. तिला नेलं कारण तिचा भाऊ आठ महिन्यांचा होता, आणि आई-बाप पहाटे तीनला फडात गेले की बाळाला कोण घेणार? जाताना सरांनी तिला शिक्षण हमी कार्ड दिलं होतं. तिकडच्या शाळेत दाखवलं की नाव घालून घेतात. तिनं ते पेटीत साड्यांच्या घडीत जपून ठेवलं. शाळा कोपीपासून अडीच किलोमीटर, आणि बाळ काखेत. फोनवर मला म्हणाली, ‘‘खातं माझ्याकडंच आहे गं. बाळाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी मीच देते.’’ तिचं खातं आम्ही काढलं नाही.

आता माझं. मी दुसरीत असल्यापासून आई-वडील जातात आणि मी आजीपाशी राहते. आठवीपर्यंत शाळेत हंगामी वसतिगृह असायचं. सकाळ-संध्याकाळ जेवण, रात्री दिव्याखाली अभ्यास, झोपायला आजीकडं. दुपारी शाळेची खिचडी होतीच. नववीत गेले आणि दोन्ही ताटं एकाच वर्षी बंद झाली. पोषण आहार आठवीपर्यंत. हंगामी वसतिगृह 6 ते 14 वयाला. कारण शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा तिथवरच येतो. आजी तीच, चूल तीच, आई-वडील तिकडंच. बदलली फक्त इयत्ता. पहाटे उठून भाकरी थापायची, आजीचं बघायचं, दोन शेळ्या सोडायच्या आणि दहाला शाळेत सावधान म्हणायचं. आमच्याकडं नववीत मुली का कमी होतात, हे शोधायला कुणाला नेमायची गरज नाही. त्यांच्या घरातली चूल कोण पेटवतं तेवढं विचारा. काहींचं तर नववीतच लग्न उरकतात. पोरगी एकटी घरी ठेवायची भीती वाटते, आणि लग्न झालं की नव्या जोडीचा एक कोयता होतो (कोयता म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी). शाळेच्या भिंतीवर 1098, मुलांच्या मदतीचा फोन नंबर, रंगवलेला आहे. तो नंबर लावायला माझा हात धजला असता का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सरकारनं 2021 मध्ये संत भगवान बाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर केली, मुलांसाठी एक, मुलींसाठी एक. चांगली योजना आहे आणि ज्यांना मिळालं त्यांचं भलं झालं. पण मला बाहेरगावच्या वसतिगृहात राहायला जायचंच नव्हतं. आजीला एका डोळ्यानं दिसत नाही. मला घरी राहून जेवायचं होतं.

नववीत असताना स्वयंपाकाच्या मावशी कधीकधी मला हाक मारायच्या, ‘‘भांडं पुसायचंय, ये गं.’’ भांड्यात खिचडी असायची. नियमात बसत नव्हतं म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

तर आता समितीबद्दल. मी या समितीची सदस्य होते, हे तुमच्यातल्या काहींना आत्ता कळत असेल. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात हे सगळ्यांना पाठ आहे. सोबत दोन विद्यार्थीही असतात आणि त्यांत एक तरी मुलगी लागते, हे मला सरांनीच सांगितलं. आम्हाला मत नसतं. वर्षभरात मला चार वेळा बोलावलं आणि चार सह्या घेतल्या. एकदा बैठक चालू असताना गेले तर चहा आणायला सांगितलं. मी आणला. राग नाही, चहा देताना जेवढं ऐकायला मिळालं तेवढं सही करताना कधी मिळालं नव्हतं.

त्या दिवशी वसतिगृहाचा विषय होता. ऑक्टोबर चालू होता. यादी करू, पंचायत समितीला पाठवू, तिथून जिल्ह्याला जाईल, जिल्ह्याहून वर. मंजुरी डिसेंबरात आली. तोवर ज्या पोरांना ठेवून घ्यायचं होतं त्यातली निम्मी कोपीत जाऊन पोचली होती, काहींच्या हाताला पाचटानं कापलंही होतं. वसतिगृहात ताटं जास्त आणि पोरं कमी, म्हणून पुढच्या वर्षी मागणी कमी दाखवायची, असंही कुणीतरी म्हणालं. ते कोण म्हणालं ते मला आठवतं. लिहीत नाही.

माझं मागणं एका ओळीचं आहे. यादी पोळ्याला करा.

उचल आषाढ-श्रावणात घरात येते. (हे पत्र पुण्या-मुंबईचं कुणी वाचलं तर त्यांच्यासाठी : उचल म्हणजे हंगामाआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम, आणि ती फिटेपर्यंत तोडायचं.) पोळ्याच्या दिवशी कुणाच्या बैलांवर नवी झूल आहे, कुणाच्या दवाखान्याचं देणं फिटलं, कुणाच्या पत्र्याच्या खोलीवर स्लॅब पडतोय, यावरून गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की यंदा कोण जाणार. फक्त शाळेला ते दिवाळीनंतर कळतं. पोळ्याच्या आठवड्यात बसलात तर सप्टेंबरात प्रस्ताव जाईल. पाऊस यंदासारखा आला तर यादी वाढेल, तेव्हा वाढवा. पण पहिला कागद पोळ्याला निघू द्या. यादी करायला शिक्षकांना वेळ नसेल तर मंत्रिमंडळ करेल. आम्हाला प्रत्येक घर माहीत आहे, आणि आम्ही विचारलं तर कुणी खोटं सांगत नाही, कारण आम्ही काही कापून घेणार नाही हे लोकांना ठाऊक आहे.

यादीत नववी-दहावीचीही नावं लिहा. पैसे येणार नाहीत हे मला माहीत आहे. तरी लिहा. ज्या मुलीचं नाव कागदावर नसतं तिला जेवायला घालायचा विचारही कुणाच्या डोक्यात येत नाही. पंधरा-वीस ताटं गावाला जड नाहीत. हरिनाम सप्ताहात आपण सात दिवस अख्खं गाव जेवू घालतो.

सप्टेंबरच्या पालकसभेत पालकांना सांगितलं गेलं, मुलांना सोबत नेऊ नका, त्यांचं नुकसान होतं. तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, ‘‘मंग ठिवू कुणापाशी?’’ सगळी सभा हसली. त्या बाई पदर सावरून खाली बसल्या. मी नंतर इतिवृत्ताचं रजिस्टर मागून घेऊन पाहिलं. उपस्थितांची संख्या आहे, अध्यक्षांचे विचार आहेत, आभार आहेत. तो प्रश्न नाही. सदस्य म्हणून मला एकच हक्क बजावायचा असेल तर तो हा : कृपया तो प्रश्न इतिवृत्तात घ्यावा.

गाड्यांबद्दलही थोडं लिहिते. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेच्या मतदानाला माझ्या आई-वडिलांच्या टोळीला आणायला गाडी गेली होती. रात्रभर प्रवास, सकाळी बोटाला शाई, संध्याकाळी परत. आई घरी सहा तास होती, त्यातले तीन झोपली. उरलेल्या तीन तासांत तिनं माझे केस धुतले. कुणाची गाडी होती ते विचारू नका, मला त्या गाडीवाल्याचं अजून भलंच वाटतं. पण फडातून गावापर्यंत गाडी येऊ शकते, एवढं मात्र त्या दिवशी कळलं. यंदा दहावीतली तिघं बाहेर होती. बोर्डाला 75 टक्के हजेरी लागते, शिवाय तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं. त्यांच्यासाठी कुठली गाडी गेली नाही. दोघं आपापली आली. तिसरी आलीच नाही. तिला पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) भरायला सांगितलंय. तो भरून द्यायचं काम मी घेतलंय, त्यासाठी मंत्रीपद लागत नाही.

आलेल्या दोघांत क्रीडामंत्री होता. फेब्रुवारीत आला तो मावशीकडं राहिला. तळहाताला घट्टे, आणि पेन धरला की बोटं अवघडायची. मराठीच्या पेपरात निबंध अर्धा राहिला म्हणाला. भूगोलाच्या आधी आम्ही दोन दिवस वडाखाली बसून अभ्यास केला. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारीशेजारी आहेत. उसात ब्राझील जगात पहिला, आपण दुसरे. त्यानं पुस्तक मिटून विचारलं, ‘‘तिथं तोडणीला कोण जातं गं?’’ मला सांगता आलं नाही. मग मी त्याची माफी मागितली, खात्याबद्दल. तो म्हणाला, स्पर्धेत खो-खोत आपण हरलो ना? हरलो होतो. त्याला फार बरं वाटलं.

एक गंमत म्हणून नव्हे, खरंच सुचवते : मंत्रिमंडळाची निवडणूक जुलैत घ्या, पण जो मंत्री कारखान्याला जाईल त्याचं खातं रिकामं ठेवू नका आणि काढूनही घेऊ नका. त्याच्या जागी प्रभारी नेमा. शिक्षणाधिकारी नसले की प्रभारी असतातच की. आणि तो परत आला की परिपाठात त्याला पुन्हा पुढं उभं करा. उन्हाळ्याच्या तोंडावर परतलेली पोरं वर्गात मागच्या भिंतीला चिकटून बसतात, पाहुण्यासारखी. त्यांना ‘आलास का’ असं विचारणाऱ्या आपल्याकडं एकच बाई आहेत. त्याच बाई रात्री आठला फोनच्या स्पीकरवर कविता म्हणून दाखवायच्या, आणि तिकडं कोपीत चार-पाच पोरं ऐकायची. त्यांची बदली होऊ देऊ नका, एवढं समितीच्या हातात असेल तर करा. नसेलच, बहुतेक.

मी अकरावीला कुठं जाणार ते निकालावर आणि आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनवर आहे. प्रवेशाचा फॉर्म आता सगळ्या राज्यात ऑनलाइनच भरायचा असतो, तो सरांच्या मोबाइलवरून भरू. सर, ज्या मोबाइलवर मला मतं पडली त्याच्यावरूनच भरू.

वही ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या खणात, खडूच्या खोक्यांमागं ठेवली आहे. कपाटाची किल्ली शिपाई मामांकडं असते. 64 नावं आहेत. कारखान्यांचे पट्टे पडायला लागलेत, म्हणजे गाळप संपत आलंय, त्यामुळे रोज कुणीतरी येतंय. काल संध्याकाळपर्यंत 39 जणांचा शेवटचा रकाना भरला होता. आरोग्यमंत्रीची टोळी निघाली असं कळलंय, उद्या-परवा पोचेल. ती आली की तिची ओळ तिलाच भरू द्या. पुढं कोरी पानं बरीच आहेत.

आपली,
माजी मुख्यमंत्री, शालेय मंत्रिमंडळ,
आणि विद्यार्थी सदस्य (मताचा अधिकार नसलेली)